एका मार्काचा मेजर

स्पर्धा परीक्षेची तयारी करत असाल तर हा प्रश्न तुमच्या वहीत नक्की असणार. मराठीत विरामचिन्हांची ओळख कुणी करून दिली? चार पर्याय असतात. त्यात दादोबा पांडुरंग असतात, बाळशास्त्री जांभेकर असतात, आणि तुम्ही मात्र डोळे झाकून मेजर थॉमस कँडीच्या गोलावर पेन टेकवता. एक मार्क पदरात, पुढचा प्रश्न. लातूरचा ट्यूशन एरिया असो की नांदेडची एखादी अभ्यासिका, कँडीचं नाव सगळ्यांना पाठ आहे. माणूस मात्र कुणालाच ठाऊक नाही.

आज त्याचीच ओळख करून घेऊ. कारण मराठीच्या पेपरात ज्या जागेवर तुमचे अर्धे-अर्धे मार्क जातात, त्या जागेवर पावणेदोनशे वर्षांपूर्वी हा माणूस बसला होता. त्याने केलेलं सगळंच आपल्या फायद्याचं होतं असं नाही. तेही सांगतो.

आधी काम बघा, मग माणूस बघू. समजा नीट परीक्षेत थोडक्यात हुकलंय. रिपीट करायचं की मिळेल त्या कोर्सला जायचं, हे घरी विचारलंय. बाबा सहसा फोन करतात, पण आज शेतात आहेत, रेंज नाही, म्हणून मेसेज आला: परीक्षा द्यायची नाही थांबायचं. आता काय समजायचं? द्यायची, नाही थांबायचं? की द्यायची नाही, थांबायचं? शब्द तेच, त्यांचा क्रमही तोच. स्वल्पविराम एक शब्द अलीकडे-पलीकडे झाला की अख्खं वर्ष बदलतं. बाबांनी हेच तोंडाने सांगितलं असतं तर चिन्ह लागलंच नसतं, आवाजाने काम केलं असतं. लिहिताना आवाज नसतो. बाबा आले आणि बाबा आले? या दोन वाक्यांत एका चिन्हाशिवाय दुसरा फरकच नाही. बोलताना आपण शेवटचा शब्द वर उचलतो, लिहिताना ते वर उचलणं कागदावर दाखवावं लागतं.

ते दाखवायची सोय मराठीत पूर्वी फारशी नव्हती. मोडी लिपीतला जुना कागद कधी हातात आला तर बघा. घरच्या जमिनीच्या जुन्या कागदांत सापडतोही एखादा. लिहिणारा आधी पानाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ रेघ ओढायचा आणि मग तिला अक्षरं लटकवत जायचा. बोरू उचलायचा तो शाईसाठी. एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हेसुद्धा वाचणाऱ्यानेच ओळखायचं. पोथ्यांमध्ये एक उभा दंड आणि दोन उभे दंड असत, पण ते मुख्यतः ओवी आणि श्लोकासाठी. गद्याला त्यांचा उपयोग बेताचाच.

मग लोकांचं अडत कसं नव्हतं? याचं उत्तर आपल्या भाषेतच आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं. बखरीतलं वाक्य कितीही लांब असो, गेला, केले, जाहले असं काही आलं की वाक्य संपलं हे कळतं. म्हणजे क्रियापद हाच आपला पूर्णविराम होता. कुणाचं बोलणं सांगायचं तर शेवटी असे म्हणाला किंवा म्हणे जोडलं की झालं, अवतरणचिन्हाची गरज नाही. शिवाय कागद बहुधा मोठ्याने वाचला जाई. एक जण वाचणार, बाकीचे ऐकणार. कुठे थांबायचं ते वाचणाऱ्याच्या गळ्यात असायचं.

अडचण सुरू झाली ती छापखाने आले, शाळेची पुस्तकं आली आणि इंग्रजीतून भाषांतरं सुरू झाली तेव्हा. इंग्रजीतलं वाक्य म्हणजे एकात एक अडकलेल्या डब्यांसारखं. ते मराठीत आणलं की त्यातल्या कुठल्या तुकड्याचं कुठलं क्रियापद हे समजेना. त्यात पुस्तक आता एकटं पोर मनातल्या मनात वाचणार होतं. त्याच्या शेजारी थांबायची जागा सांगणारा कुणी नव्हता.

या वळणावर कँडी आपल्या गोष्टीत येतो.

थॉमस कँडीचा जन्म १३ डिसेंबर १८०४चा, इंग्लंडमधल्या ईस्ट नॉयल नावाच्या गावातला. त्याला जुळा भाऊ होता, जॉर्ज. १८२२ साली, म्हणजे तुम्ही बारावी पास होता त्या वयात, थॉमस हिंदुस्थानात ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत आला. पेशवाई बुडून चारच वर्षं झाली होती. कंपनीकडे मुलूख आला होता, पण तिथली भाषा बोलणारे अधिकारी नव्हते. त्यामुळे जो अधिकारी इथली भाषा शिकेल त्याला दुभाष्याचं काम मिळे. कँडी शिकला, आणि दुभाष्या झाला. सुरुवात इतकी साधी, नोकरीतल्या बढतीसारखी. भाषेवर प्रेमबिम नंतर बसलं असावं.

त्याच फौजेत जेम्स मोल्सवर्थ नावाचा अधिकारी होता. मराठी शब्द जमा करायचं वेड याच्या डोक्यात होतं. कंपनी सरकारने त्याला मराठी-इंग्रजी कोश करायचं काम दिलं, आणि मदतीला आले हे दोघे कँडी भाऊ, थॉमस आणि जॉर्ज. सोबत शास्त्रीपंडितांचा ताफा. जरा डोळ्यांसमोर आणा. विशी-तिशीतले इंग्रज अधिकारी समोर बसलेत आणि शास्त्रीबुवा त्यांना एकेका शब्दाचा अर्थ, त्याचं लिंग, त्याच्या म्हणी सांगताहेत. आज आपण इंग्रजीच्या क्लासला जातो ना, त्याच्या बरोबर उलटं चित्र. इथे साहेब विद्यार्थी होता.

१८३१ साली कोश छापून झाला. त्यात सुमारे ४०,००० शब्द होते. पुढे १८५७ला दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा ते ६०,०००च्या आसपास गेले. हा कोश आजही वापरात आहे, मोबाईलवर फुकट शोधता येतो, आणि एकदा त्यात शिरलात की तासभर बाहेर येत नाही हे सांगून ठेवतो. कारण त्यात नुसते पोथीतले शब्द नाहीत. शेतातले आहेत, चुलीजवळचे आहेत, भांडणातले आहेत, शिव्यासुद्धा आहेत. सभ्य लोकांच्या शब्दांचाच कोश करायचा असं या मंडळींनी ठरवलं असतं, तर आपलं केवढं नुकसान झालं असतं याचा विचार करा.

तिघांच्या वाटा पुढे फुटल्या. जॉर्ज फौज सोडून पाद्री झाला. मोल्सवर्थने कोशाची दुसरी बाजू, म्हणजे इंग्रजी-मराठी, हाती घेतली होती, पण तब्येत ढासळली आणि तो १८३६ साली मायदेशी गेला. काम अर्धवट राहिलं. ते थॉमसने उचललं, आणि १८४७ साली इंग्रजी-मराठी कोश बाहेर पडला. दुसऱ्याने अर्धवट सोडलेलं काम पुरं करणं किती कंटाळवाणं असतं हे ग्रुप प्रोजेक्ट केलेल्यांना वेगळं सांगायला नको. याने ते केलं.

मात्र त्याच्या आयुष्यातला खरा बदल त्याआधीच, १८३७ साली, झाला होता. पुण्याच्या संस्कृत पाठशाळेवर देखरेख करायला त्याला नेमलं गेलं. ही पाठशाळा विश्रामबागवाड्यात भरायची. वाडा पेशव्यांचा, विद्यार्थी शास्त्र्यांचे, आणि वर देखरेखीला फौजेतला साहेब. पुढे याच पाठशाळेतून आणि इंग्रजी शाळेतून पूना कॉलेज उभं राहिलं, ज्याचं नंतर डेक्कन कॉलेज झालं. कँडी त्या पूना कॉलेजचा प्राचार्यही होता.

आणि त्याच काळात त्याच्याकडे दुसरी खुर्ची आली, मराठी ट्रान्सलेटरची. सरकारने मराठीत छापायचं ते या टेबलावरून जायचं. शाळेची पुस्तकं, कायद्यांची भाषांतरं, सगळं. कायद्याचं भाषांतर म्हणजे बघा, तिथे चुकीच्या जागी थांबलं तर कुणाची तरी जमीन जाते. अशा टेबलावर वर्षानुवर्षं बसलेल्या माणसाला पहिली गरज कशाची वाटणार? थांबायच्या जागा ठरवण्याची.

१८५० साली त्याचं पुस्तक आलं, विरामचिन्हांची परिभाषा. चिन्हं त्याआधी छापील मराठीत अजिबात नव्हती असं नाही. मिशनऱ्यांच्या पुस्तकांत, वर्तमानपत्रांत ती अधूनमधून डोकावत होती. पण कुणी कुठेही टिंब द्यावं, कुणी देऊच नये, असा कारभार होता. कोणतं चिन्ह कुठे आणि कशासाठी, हे मराठी माणसाला मराठीत समजावून सांगणारं पुस्तक कँडीने दिलं. आजच्या भाषेत स्टाइल गाइड म्हणा. तुमच्या टेबलावर मो. रा. वाळंबे यांचं सुगम मराठी व्याकरण लेखन असेल, तर त्यातल्या विरामचिन्हांच्या प्रकरणाचा हा पणजोबा.

तो काळच अशा पुस्तकांचा होता. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ साली, वयाच्या बावीस-तेविसाव्या वर्षी, महाराष्ट्र भाषेचे व्याकरण लिहिलं. म्हणून त्यांना मराठीचे पाणिनी म्हणतात (हाही एक मार्क). त्याच व्याकरणाची दुसरी आवृत्ती १८५०ची, म्हणजे कँडीच्या पुस्तकाच्याच वर्षीची. पण दादोबांना भाषा घरात मिळाली होती आणि कँडीला ती बाहेरून शिकावी लागली होती. मला वाटतं, विरामचिन्हं कँडीला सुचली याचं कारण हेच. आपण मराठी वाचतो तेव्हा कुठे थांबायचं हे आपल्याला न विचारता कळतं. परक्याला कळत नाही. तो अडखळतो आणि अडखळलेली जागा लक्षात ठेवतो.

चिन्हं तर त्याने आणली, पण एक गोष्ट घडायची राहिली नाही. हिंदीचं पुस्तक उघडा, वाक्याच्या शेवटी उभा दंड दिसेल. मराठीचं उघडा, टिंब दिसेल. लिपी दोघांची एकच, देवनागरी. हिंदीने जुना दंड गद्यातही चालू ठेवला, आपण इंग्रजीचं टिंब घेतलं आणि दंड पोथीकडे परत पाठवला. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. फक्त ते टिंब कुठून आलं हे माहीत असावं.

मग शाळा. १८५७ ते १८६१ या वर्षांत मुंबई इलाख्याच्या शाळांसाठी मराठी वाचनाची क्रमिक पुस्तकं तयार झाली, ती कँडीच्या हाताखाली. पुण्याचे परशुरामपंत तात्या गोडबोले यांच्यासारखी मंडळी भाषांतराच्या कामात त्याच्याबरोबर होती. लिहायचं शास्त्र्यांनी, शेवटचा हात फिरवायचा कँडीने. पोरांच्या एका अख्ख्या पिढीने वाचन शिकलं ते या पुस्तकांवर, आणि स्वल्पविरामाला थांबायचं, पूर्णविरामाला जास्त थांबायचं, हे अंगात मुरलं तेही तिथेच. वाक्प्रचारांसाठी त्याने भाषणसांप्रदायिक वाक्ये नावाचं पुस्तकही केलं. व्याकरणाचे नियम पाठ करून भाषा येत नाही, बोलण्याची वळणं वेगळी शिकावी लागतात, हे त्याला अनुभवाने कळलं असणार. इंग्रजी स्पीकिंगचा कोर्स लावलेल्यांना हे पटेल.

आता दुसरी बाजू. शेवटचा हात कँडीने फिरवायचा, हे वाक्य वर मी पटकन लिहून गेलो. ते परत वाचा. एका भाषेत शुद्ध काय आणि अशुद्ध काय, हे ज्याची ती मातृभाषा नाही असा सरकारी अधिकारी ठरवतो आहे. मराठी लेखकाने लिहायचं आणि साहेबाने तपासायचं. हे कधीतरी कुणाला तरी खुपणारच होतं.

खुपलं, आणि ज्याला खुपलं त्याचं घराणं मोठं मजेशीर आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकर त्याच विश्रामबागवाड्यातल्या पाठशाळेत शिकले, पुढे सरकारच्या भाषांतराच्या आणि शिक्षणाच्या कामात आले, त्यांनी स्वतः मराठी व्याकरणावर निबंध लिहिले. त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री. यांनी १८७४ साली निबंधमाला सुरू केली आणि पहिल्यापासूनच मराठीच्या नाड्या परक्या साहेबांच्या हाती असण्यावर कोरडे ओढले. ज्या व्यवस्थेत वडिलांची हयात गेली, तिच्यावर मुलाने लेखणी उगारली. गंमत अशी, की विष्णुशास्त्र्यांची स्वतःची लांबलचक, डौलदार वाक्यं पेलून धरायला अर्धविराम आणि स्वल्पविराम हवेतच. साहेब नको होता, साहेबाची चिन्हं मात्र मुकाट्याने घरात राहिली.

विष्णुशास्त्र्यांचा मुद्दा खोटा नव्हता. पण त्याच विष्णुशास्त्र्यांनी आणखी एका माणसाच्या मराठीवर तोंडसुख घेतलं, आणि तिथे माझं त्यांच्याशी जमत नाही. तो माणूस म्हणजे जोतीराव फुले. १८७३ला गुलामगिरी आली. फुल्यांचं मराठी शास्त्र्यांच्या घडणीचं नव्हतं, ते बोलण्याजवळचं, रांगडं होतं. निबंधमालेत त्याच्या व्याकरणाची टर उडवली गेली. जे म्हणणं खोडता येत नाही त्याचं शुद्धलेखन तपासायचं, ही युक्ती तुम्ही आजही कमेंट्समध्ये रोज बघता. ती इतकी जुनी आहे.

आणि या दोघांच्या मध्ये एक तारीख आहे, जी पुस्तकांत कँडीच्या नावापुढे सहसा लिहिलेली नसते. १६ नोव्हेंबर १८५२. पुण्यात विश्रामबागवाड्यात सरकारतर्फे जोतीराव फुल्यांचा, मुलींच्या शाळांच्या कामाबद्दल, शाल देऊन सत्कार झाला. तेव्हा जोतीराव पंचविशीत होते. ज्या वाड्यात पेशव्यांच्या काळात त्यांच्या जातीच्या माणसाला पंडितांच्या रांगेत जागा नव्हती, तिथे. आणि तो सत्कार ज्याच्या हस्ते झाला तो पूना कॉलेजचा प्राचार्य होता, मेजर कँडी. विरामचिन्हांचं पुस्तक येऊन दोन वर्षं झाली होती.

यावरून कँडीला फार मोठा सुधारक करायचं कारण नाही. तो सरकारी अधिकारी होता, सरकारने सांगितलेला कार्यक्रम त्याने केला. पण ज्याच्या हाती मराठीचं लाल पेन होतं, त्याच्या हातून ती शाल गेली, एवढं खरं आहे.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, हे सगळं पुण्याचं झालं. आपलं काय? बरोबर विचारलंत. कँडीची पुस्तकं मुंबई इलाख्यासाठी होती आणि आपण त्या इलाख्यात नव्हतोच. नांदेड आणि लातूर दोन्ही निजामाच्या राज्यात. तिथे कारभाराची भाषा आधी फारसी, मग उर्दू. वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूत. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली सुरू झालं तेही उर्दू माध्यमातून. तुमचे पणजोबा निजामाच्या काळात शाळेत गेले असतील तर त्यांनी विरामचिन्हं शिकली ती उर्दूची. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते, म्हणून तिचा स्वल्पविराम उलटा, प्रश्नचिन्हाचं तोंड दुसरीकडे, आणि पूर्णविराम म्हणजे टिंब नाही, छोटीशी आडवी रेघ. एकाच पणजोबाच्या हाताने घरचं पत्र मोडीत, शाळेची वही उर्दूत, आणि पोथी बाळबोधीत. मराठवाड्यातल्या घरांत हे नवल नव्हतं.

१७ सप्टेंबर १९४८ला निजामी राजवट संपली. १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं. पुढे मराठवाडा मुंबई राज्यात आणि मग महाराष्ट्रात आला, आणि पुण्यामुंबईत शंभर वर्षांत घडलेलं लिखित मराठी आपल्याकडे एकदम, तयार कपड्यासारखं आलं. माप आपलं घेतलेलंच नव्हतं. आपण विचारतो काय करायलास, लातूर-उदगीरकडे काय करूलालास. क्रमिक पुस्तकातलं पोर विचारतं तू काय करत आहेस. पहिलीतल्या आपल्या पोराला आपलीच भाषा अर्धी परकी वाटते ती इथून. कँडीच्या टेबलावर जे शुद्ध ठरलं ते पुण्याच्या शास्त्र्यांच्या तोंडचं होतं, कारण त्याचे गुरू ते होते. नांदेडचा माणूस त्या खोलीत नव्हता.

आणि हे म्हणताना एक विचित्र गोष्ट आठवते. व्याकरण हा प्रांत आपल्याला कधीच परका नव्हता. काशीत व्याकरणाचं मोठं पीठ चालवणारं शेष घराणं मूळचं नांदेडचं मानलं जातं. त्यातले शेषकृष्ण हे भट्टोजी दीक्षितांचे गुरू, आणि भट्टोजींची सिद्धान्तकौमुदी आज देशभरात संस्कृत व्याकरण शिकणारा प्रत्येक जण हाती धरतो. म्हणजे गोदावरीकाठाहून व्याकरण काशीला निर्यात झालेलं आहे. त्यामुळे पुण्याचा कुणी रूममेट तुमच्या करायलोला हसला, तर त्याला शेषकृष्णांचं नाव सांगा. तो गूगल करेपर्यंत तुम्ही चहा पिऊन घ्या.

मात्र यातून उलटा निष्कर्ष काढू नका, की नियम पुण्याचे म्हणून सोडून द्यायचे. बोलीचा शब्द आणि विरामचिन्ह या वेगळ्या गोष्टी आहेत. करायलो हा शब्द कुठे चालतो आणि कुठे चालत नाही, यावर वाद घालता येईल, आणि घालावा. नियम माणसांनीच केलेत, ते बदलतातही. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १४ नियम १९६२ साली सरकारने स्वीकारले, १९७२ला त्यात ४ वाढले आणि १८ झाले. त्याआधी तुमच्या आजोबांना जे अनुच्चारित अनुस्वार दिले नाहीत म्हणून छडी बसायची, ते या नियमांनी काढूनच टाकले. पण स्वल्पविराम कुठल्याच गावचा नाही. काय करायलास, बाबा आले? हे वाक्य अस्सल आपलं आहे आणि त्यातला स्वल्पविराम आणि प्रश्नचिन्ह काढून घेतलं तर ते आपल्यालाही कळणार नाही.

पेपर तपासणाऱ्या शिक्षकांशी बोललात तर एक गोष्ट ऐकायला मिळेल. निबंधात मुलांचे विचार असतात, शब्दही असतात, पण पानभर एकच वाक्य चाललेलं असतं, आणि, म्हणून, तर, पण, असं जोडत जोडत. वाचणारा दमतो. हे आळसाने होतं असं मला वाटत नाही. आपण लिहितो तेव्हा मनात स्वतःचा आवाज ऐकू येत असतो आणि तो आवाज बरोबर थांबत असतो, म्हणून कागदावर काही राहून गेलंय हे दिसतच नाही. यावर सोपा उपाय असा: लिहिलेलं पान मित्राला मोठ्याने वाचायला द्या. तुम्ही काहीही बोलू नका. तो जिथे अडखळेल, मागे जाऊन परत वाचेल, तिथे पेन्सिलीने खूण करा. मग वाळंब्यांचं पुस्तक उघडा आणि त्या खुणांपुरतंच वाचा. अख्खं प्रकरण पाठ करण्यापेक्षा हे लवकर होतं. इंग्रजीसाठीही हीच रीत चालते, फक्त तिथे स्वल्पविरामाचे नियम वेगळे आहेत, ते मराठीत आणू नका आणि मराठीचे तिकडे नेऊ नका. कँडीच्या भाषांतरित मराठीवर इंग्रजी वळणाचा जो आरोप झाला, तो या सरमिसळीचाच होता.

कँडी निवृत्त होऊन मायदेशी गेला नाही. आयुष्याच्या अखेरीपर्यंत तो इथेच, मराठीच्याच कामात राहिला. विष्णुशास्त्र्यांची निबंधमाला सुरू झाली तेव्हा तो सत्तरीला टेकला होता. २६ फेब्रुवारी १८७७ला महाबळेश्वरला त्याचं निधन झालं, बहात्तराव्या वर्षी. इंग्लंडमध्ये त्याची वर्षं झाली सतरा-अठरा. बाकी सगळी हयात आपल्याकडची.

मोल्सवर्थच्या कोशात आज रात्री एकदा डोकवा. आजीच्या तोंडचा, पाठ्यपुस्तकात कधी न दिसलेला एखादा शब्द टाका. सापडला, तर समजा तो कुणा शास्त्र्याने सांगितला आणि या तिघांपैकी कुणीतरी लिहून घेतला. नाही सापडला, तर वहीत लिहून ठेवा, अर्थासकट, आणि कुठल्या गावी ऐकलात तेही.